सहापैकी तीन चेंडू: उमेश यादवची गोलंदाजी आणि तिला वापरणारे कर्णधार

(खापरखेडा येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

माईक नीट लागलाय ना? मागच्या लोकांना ऐकू येतंय? बरं.

मी क्रिकेटचा तज्ज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी रणजी खेळलो नाही, जिल्ह्याकडूनही खेळलो नाही. खेळलो ते इथेच, वसाहतीमागच्या मैदानावर, टेनिस बॉलने. पावसाळा सोडला की चेंडूवर राख बसायची. फलंदाजाने जोरात मारला की चेंडूतून धुरासारखी राख उडायची, आणि आम्ही म्हणायचो की पॉवर स्टेशनची सहावी चिमणी सुरू झाली. (हशा) मग आज मी इथे का उभा आहे? तर गेली पंधरा वर्षं मी एका माणसाची गोलंदाजी जितकी पाहिली तितकं दुसरं काहीच पाहिलं नाही. तो माणूस इथून हाकेच्या अंतरावरच्या वलनीचा. उमेश यादव.

उमेशबद्दल आपल्या गावात दोनच मतं आहेत. टपरीवर अर्धे लोक म्हणतात, "उमेशवर अन्याय झाला." उरलेले म्हणतात, "त्यानंच वाया घालवलं, लाईनच धरता येत नव्हती." मला दोन्ही मतं आळशी वाटतात. अन्याय झाला म्हणणारा नेमका कुठे झाला ते सांगत नाही. वाया घालवलं म्हणणारा तो चेंडू लेगला का जायचा ते सांगत नाही. आज मी ते सांगायचा प्रयत्न करणार आहे. पटलं नाही तर शेवटी भांडा.

आधी थोडी पार्श्वभूमी. तुम्हाला माहीत आहे, पण हे रेकॉर्डिंग बाहेरचेही लोक ऐकणार आहेत. वलनी म्हणजे कोळसा खाणीची वसाहत. उमेशचे वडील खाणीत कामाला. पोट्टा वेगाने टाकायचा, पण टेनिस बॉलने. लष्करात भरती व्हायचा प्रयत्न केला, पोलिसांत केला, जमलं नाही. एका कॉलेजच्या संघात जागा मागितली, तर कुठल्याच क्लबकडून खेळला नाहीस म्हणून नाही म्हणाले. आता बघा, अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल बघायला एकेका स्टेडियममध्ये लाखभर माणूस बसतो. तिथे कॉलेजचे लोक अठराव्या वर्षी पोरगा हेरतात, त्याला शिकवतात, आणि मग व्यावसायिक संघ त्या कॉलेजांतून खेळाडू उचलतात. आपल्याकडे कॉलेज विचारतं, आधी शिकून आलास का? मी कॉलेजला दोष देत नाही. त्यांच्या क्रीडाशिक्षकाकडे दोन बॅटा आणि एक किट असते, तो काय करणार. पण लेदर बॉल नीट हातात आला तेव्हा हा मुलगा वीस वर्षांच्या आसपास होता, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागेल.

मग विदर्भ जिमखाना, आणि तिथे प्रीतम गंधे. गंधे तेव्हा विदर्भाचे कर्णधार. या पोराला पाहून त्यांनी जो हिशेब केला, तो माझ्या मते उमेशबद्दल आजवर झालेलं सगळ्यात शहाणं विश्लेषण आहे. हिशेब असा: पोरगा कच्चा आहे, पण फार वेगवान आहे. सहापैकी तीन चेंडू जरी ऑफ स्टंपच्या रेषेत पडले, तरी फलंदाजाला त्रास होईल.

या वाक्याकडे नीट बघा. गंधे सहा म्हणाले नाहीत, पाचही म्हणाले नाहीत. तीन म्हणाले. म्हणजे उरलेले तीन वाईट पडणार हे त्यांनी आधीच धरलं होतं, त्याची किंमत मोजायची तयारी ठेवली होती. नोव्हेंबर २००८ मध्ये उमेश मध्य प्रदेशाविरुद्ध पहिला रणजी सामना खेळला. त्याच महिन्यात आपल्या जामठ्याच्या नव्या स्टेडियमवर पहिली कसोटी झाली, हा योगायोग. त्या मोसमात उमेशने चार सामन्यांत २० विकेट काढल्या, सरासरी पंधराच्या आत. गंधेंचा हिशेब बरोबर निघाला. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये, तो भारताकडून कसोटी खेळला. विदर्भाकडून कसोटीपर्यंत पोचलेला पहिला खेळाडू.

आता मुख्य मुद्दा. उमेशचा चेंडू लेगला का जायचा?

टेनिस बॉलला शिवण नसते, तो सरळ जातो. टेनिस बॉलमध्ये वेगवान गोलंदाजाचं एकच हत्यार असतं, पुढे टाका, स्टंपात टाका. आखूड टाकला की बॉल उडून बॅटवर येतो आणि रस्त्यापलीकडे जातो. इथे जे खेळलेत त्यांना विचारा. म्हणजे टेनिस बॉलवर वाढलेल्या मुलाची सवय काय? पूर्ण वेग, पुढचा टप्पा, मधल्या स्टंपवर. या सवयीच्या हातात लेदर बॉल द्या. त्याला शिवण आहे, एका बाजूला चमक आहे, आणि मनगट सरळ असेल तर तो उजव्या फलंदाजापासून बाहेर निघतो, आउटस्विंग होतो. मधल्या स्टंपवर निघालेला चेंडू शेवटच्या क्षणी बाहेर वळतो आणि ऑफ स्टंप घेऊन जातो. फलंदाज फ्लिक करायला गेलेला असतो, आणि मागे स्टंप लोळत असतो. जगात याच्यापेक्षा सुंदर काही नाही, निदान क्रिकेटमध्ये तरी नाही.

पण तो वळलाच नाही तर? तोच चेंडू, तीच रेषा, तोच वेग. फक्त वळला नाही. मग तो पॅडवर येतो, आणि पॅडवरचा चेंडू शाळकरी पोरगाही फाइन लेगला चौकार मारतो. टीव्हीवर समालोचक म्हणतो, "पुन्हा दिशा भरकटली." अहो, दिशा भरकटली नाही! दिशा तीच होती. स्विंग झाला नाही.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. उमेशचा चौकार जाणारा चेंडू आणि उमेशचा स्टंप उखडणारा चेंडू हे दोन वेगळे चेंडू नाहीत. तो एकच चेंडू आहे. एक बंद केला की दुसराही बंद होतो. आणि लोक त्याला आयुष्यभर सांगत राहिले, अर्धा चेंडू टाक, उरलेला टाकू नकोस.

हे पटत नसेल तर जानेवारी २०१२ चं पर्थ आठवा. ऑस्ट्रेलियाच्या सलामीच्या जोडीने २१४ धावा केल्या होत्या, बिनबाद. वॉर्नर १८० पर्यंत गेला. असा मार खाल्ल्यावर एखादा गोलंदाज टप्पा आखूड करून गपचूप ओव्हर संपवतो. उमेशने कोवनचा त्रिफळा उडवला, पॉंटिंगचा उडवला, आणि पाच विकेट काढल्या, ९३ धावांत. सामना आपण डावाने हरलो, ते सोडा. मी तेव्हा सकाळी लवकर उठून ही पाहिलेली मॅच आहे. पॉंटिंगची विकेट बघून मी घरात इतका ओरडलो की शेजारच्या काकू विचारायला आल्या, काय झालं म्हणून.

मग प्रश्न येतो आकड्यांचा. ५७ कसोटी, १७० विकेट, सरासरी एकतीसच्या आसपास. त्यातल्या शंभरावर विकेट भारतात. वेगवान गोलंदाजाने भारतात शंभर विकेट घेणं ही साधी गोष्ट नाही. इथल्या खेळपट्ट्यांवर वेगवान गोलंदाजाला नवा चेंडू चार-पाच ओव्हर मिळतो आणि मग फिरकीवाले सुरू होतात. तरी लोक म्हणतात, घरचा वाघ. मी याचं उत्तर वेगळं देतो. भारतात एसजी चेंडू असतो, त्याची शिवण जाड, उठलेली. ऑस्ट्रेलियात कूकाबुरा, त्याची शिवण लवकर बसते, दहा-पंधरा ओव्हरनंतर तो दगडासारखा सरळ जातो. आणि चेंडू सरळ गेला की उमेशचं काय होतं ते आत्ताच सांगितलं. उरला इंग्लंडचा ड्यूक्स, जो सगळ्यात जास्त वेळ हवेत वळतो. उमेशच्या हाताला सगळ्यात योग्य चेंडू. तर बारा वर्षांच्या कारकिर्दीत उमेश इंग्लंडमध्ये किती कसोटी खेळला? तीन! २०१८ ला बर्मिंगहॅम, २०२१ ला ओव्हल, आणि २०२३ ची जागतिक अजिंक्यपदाची अंतिम लढत, तीही ओव्हललाच. इंग्लंडविरुद्ध तर दोनच.

त्यातली २०२१ ची ओव्हल कसोटी बघा. माणूस डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला पिंडरीला दुखापत होऊन बाहेर गेलेला. इतक्या महिन्यांनी परत आला तो थेट इंग्लंडमध्ये. पहिल्या डावात तीन, दुसऱ्यात तीन. जो रूट तेव्हा जगात सगळ्यात भरात होता, त्याचा त्रिफळा उमेशने उडवला. आपण १५७ धावांनी जिंकलो. सगळीकडे शार्दूलची दोन अर्धशतकं आणि बुमराहचा यॉर्कर गाजला. गाजायलाच हवा होता, तक्रार नाही. पण सहा विकेट सहा विकेट असतात.

इथे मी माझ्या बाजूच्या लोकांनाही थोडं सुनावतो. बुमराह, शमी आणि इशांत हे तिघं तंदुरुस्त असताना परदेशात त्यांच्याआधी उमेशला घ्यायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. ते तिघं दिवसभर दाब ठेवू शकत होते, उमेशला ते कधीच नीट जमलं नाही. कसोटीत तो ओव्हरमागे साडेतीनच्या घरात धावा द्यायचा, हे जास्तच आहे. गावचा आहे म्हणून आकडे बदलत नाहीत. बाप्पा, मीही चाहताच आहे, पण आंधळा नाही.

माझा आक्षेप निवडीवर कमी आणि वापरावर जास्त आहे. दोन सामने शेजारी ठेवतो.

डिसेंबर २०१८, पर्थचं नवं स्टेडियम. अश्विन जखमी. भारताने एकही फिरकीवाला न घेता चार वेगवान गोलंदाज घेतले, चौथा उमेश. ऑस्ट्रेलियाच्या नेथन लायनने त्याच खेळपट्टीवर ऑफ स्पिन टाकून आठ विकेट काढल्या आणि सामनावीर झाला. उमेशला दोन विकेट. आपण १४६ धावांनी हरलो. जून २०२३, ओव्हल. पुन्हा चार वेगवान गोलंदाज, त्यांत पुन्हा उमेश, आणि बाहेर कोण बसला? अश्विन, तेव्हाचा जगातला पहिल्या क्रमांकाचा कसोटी गोलंदाज. हेडने १६३ केल्या, स्मिथने १२१. उमेशला पहिल्या डावात ७७ धावांत एकही नाही, दुसऱ्या डावात दोन, ख्वाजा आणि लाबुशेन. आपण २०९ धावांनी हरलो. दोन्ही वेळा लोकांनी शिव्या उमेशला दिल्या.

आता चौथ्या वेगवान गोलंदाजाचं काम काय असतं? पहिले दोघं नवा चेंडू वापरून दमले, तिसरा आला, मग चौथा. तोवर चेंडूची चमक गेलेली, शिवण बसलेली. त्याने धावा रोखायच्या असतात. म्हणजे फिरकीवाल्याचं काम. ज्याचा चेंडू नवा असताना हवेत वळतो किंवा खूप जुना झाल्यावर रिव्हर्स होतो, त्याला तुम्ही नेमकं मधल्या काळात, तीस ते पंचावन्न ओव्हरमध्ये, धावा रोखायला बोलावता. तिसरी स्लिप काढून घेता, पॉइंटला सीमारेषेवर माणूस ठेवता. मग कड लागली तरी झेल घ्यायला कोणी नाही, आणि पॅडवर पडला तरी चौकार. सुताराला विटा रचायला लावल्या आणि म्हणालात, भिंत वाकडी झाली!

याच्या उलट हैदराबाद, ऑक्टोबर २०१८, वेस्ट इंडिजविरुद्ध. शार्दूल ठाकूर पदार्पणात दहा चेंडू टाकून लंगडत बाहेर गेला. विराट कोहलीकडे उमेश सोडून दुसरा वेगवान गोलंदाजच उरला नाही. नाइलाजाने उमेशला लांब स्पेल मिळाले, नवा चेंडूही आणि जुनाही. ८८ धावांत सहा, ४५ धावांत चार. भारतात कसोटीत दहा विकेट घेणारा तो कपिल देव आणि श्रीनाथनंतरचा तिसरा भारतीय वेगवान गोलंदाज. विंडीजची फलंदाजी दुबळी होती हे मान्य. पण दहा विकेट दुर्दैवाने लंगडलेल्या एका पोरामुळे मिळाल्या, योजनेने नाही, हे मला खुपतं. दोन महिन्यांनी पर्थला तोच उमेश पुन्हा चौथा.

आणि पर्थनंतर काय झालं? तो परत विदर्भाकडे आला. जानेवारी २०१९, रणजी उपांत्य सामना, केरळविरुद्ध, वायनाडला. हिरवी खेळपट्टी, डोंगरातली थंड हवा. फैज फजलने त्याच्या हातात नवा चेंडू दिला. केरळ १०६ सर्वबाद: उमेशला सात, उरलेले तीन रजनीश गुरबानीला. दुसऱ्या डावात ९१ सर्वबाद, उमेशला पाच. आपल्या फक्त २०८ झाल्या होत्या, त्यातल्या ७५ एकट्या फैजच्या, तरी डावाने जिंकलो. सामना दोन दिवसांत संपला. पर्थचा दोन विकेटवाला गोलंदाज महिनाभरात बारा विकेट काढतो, तर या महिन्यात तो काय नवीन शिकला? काहीच नाही. फक्त काम बदललं होतं.

विदर्भाने हे कसं ओळखलं, यावर मला थोडं बोलायचंय, कारण त्या दोन रणजी करंडकांचं श्रेय आपण फक्त "जिद्द" म्हणून मोकळे होतो. जिद्द सगळ्यांकडेच असते. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, वसीम जाफर आला, आणि संघात प्रत्येकाचं काम ठरलं. २०१७-१८ च्या कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकला १९८ हव्या होत्या, आपण पाच धावांनी जिंकलो. गुरबानीने सामन्यात बारा विकेट काढल्या. इंजिनिअरिंग झालेला मुलगा, उमेशच्या अगदी उलट, वेग मध्यम, पण सहापैकी सहा तिथेच. अंतिम सामन्यात उमेश नव्हता, दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होता. इंदूरला दिल्लीविरुद्ध गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली, आणि १ जानेवारी २०१८ ला आपण पहिला करंडक जिंकलो. मला सांगायचंय ते असं की, फैजकडे तीनवाला आणि सहावाला असे दोन्ही गोलंदाज होते आणि त्याने कधी एकाला दुसऱ्यासारखं टाकायला सांगितलं नाही. पुढच्या वर्षी जामठ्याला सौराष्ट्राविरुद्ध पुजारा दोन डावांत मिळून एक धाव करून गेला, दोन्हीदा आदित्य सरवटेला. तिथे काम फिरकीचं होतं, ते फिरकीला दिलं.

आता एक कबुली. २४ फेब्रुवारी २०१९, विशाखापट्टणम, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ट्वेंटी-ट्वेंटी. आपल्या जेमतेम १२६. बुमराहने एकोणिसाव्या ओव्हरमध्ये दोन धावा देऊन दोन विकेट काढल्या. शेवटच्या ओव्हरला चौदा हव्या, समोर कमिन्स आणि रिचर्डसन, दोघंही गोलंदाज. चेंडू उमेशकडे. शेवटच्या चेंडूवर ते जिंकले. त्या रात्री मी टीव्हीसमोर उमेशला जे बोललो ते इथे आयाबाया बसल्यात म्हणून सांगत नाही. (हशा) आमच्या घरात, खापरखेड्यात! नंतर लाज वाटली. ट्वेंटी-ट्वेंटीच्या शेवटच्या ओव्हरला वाइड यॉर्कर, संथ चेंडू असली कामं लागतात. ती कामं त्याची नव्हती. २०२२ च्या आयपीएलमध्ये कोलकात्याने त्याला उलट वापरला, डावाच्या सुरुवातीलाच नवा चेंडू हातात. १६ विकेट. ज्यांनी विशाखापट्टणमनंतर टवाळी केली होती तेच म्हणाले, उमेश बदलला. तो बदलला नव्हता हो.

२०२३ चा फेब्रुवारी. उमेशचे वडील गेले. आठवडाभरात तो इंदूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी खेळत होता. आपण १०९ मध्ये गुंडाळलो गेलो होतो. ऑस्ट्रेलिया ४ बाद १८६, पुढे गेलेली. उमेशला दुसऱ्या दिवशी सकाळी चेंडू मिळाला. ग्रीन पायचीत, स्टार्कचा स्टंप हवेत गोल फिरत गेला, मर्फीचा त्रिफळा. १२ धावांत तीन, ऑस्ट्रेलिया १९७ ला संपली. फिरकीच्या आखाड्यावर! भारतातल्या शंभर विकेट त्याने त्याच सकाळी पूर्ण केल्या. तो स्टार्कचा स्टंप मी कितीदा पाहिला असेन सांगता येणार नाही.

हे सगळं सांगायचं कारण आहे. मी रविवारी इथल्या पोरांना थोडं शिकवतो, शिकवतो म्हणजे चेंडू गोळा करतो. मागच्या महिन्यात एका सामन्यात सतरा वर्षांच्या एका पोट्ट्याने नवा चेंडू घेतला. वेग असा की कीपर दोन पावलं मागे गेला. पहिल्या ओव्हरला दोन चौकार पॅडवरून, दुसऱ्या ओव्हरला एक. मधे एकदा ऑफ स्टंप उडाला. कर्णधाराने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली, काढ त्याला. ओव्हर संपल्यावर त्या पोराला मी काय सांगितलं माहीत आहे? "वेग थोडा कमी कर, लाईन धर." ज्याच्यावर आज तासभर तुमच्यासमोर चिडतोय, तेच मी केलं, आणि आठ दिवस मला कळलंही नाही. पुढच्या रविवारी पोरगा आला तर मध्यम वेगाने, ऑफ स्टंपच्या बाहेर, छान आखूड टाकत होता. धावा गेल्या नाहीत. कोणी आउटही झालं नाही.

आम्ही आता त्याच्यासाठी एक साधी गोष्ट केली आहे. फाइन लेगला सीमारेषेवर एक माणूस कायमचा. पॅडवर पडला तर एक धाव, चार नाही. स्लिपमध्ये दोघं, काही झालं तरी हलवायचे नाहीत. आणि ओव्हर संपल्यावर मी मोजतो, सहापैकी किती पडले बरोबर. परवा पहिल्या ओव्हरला दोन पडले, दुसऱ्या ओव्हरला चार.

प्रश्न असतील तर विचारा. वलनीहून आलेल्यांना आधी संधी, मग बाकीचे.